तांब्याचं ग्रीस

१२ जानेवारी

धाकट्या,

फोन केला की तू कापतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर माझंच आहे, कोंबडीने पाय ओढल्यासारखं. गॅरेजच्या पाटीवर मी काही लिहिलं की तू हसायचास, ते आठवत असेल.

भाऊजींची जुनी मोटरसायकल गॅरेजात परत आलीय. हो, तीच. ताईची लेक टेम्पोत घालून घेऊन आली. तू गेलास तेव्हा पंधराची होती, आता चोवीसची झालीय. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे आणि जिभेला हाड नाही. आल्या आल्या म्हणाली, "मोठ्या मामा, ही मला चालू करायचीय. तू फक्त सांगायचं, हात मी लावणार." मी म्हटलं, बाई गं, नऊ वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली गाडी आहे ही, उंदरांनी सीट खाऊन वर पिल्लं घातलीयत. तर म्हणाली, "पिल्लं मी काढलीत. पाना कुठेय?" आता बोल.

पहिल्या दिवशी तिला दोन वस्तू दाखवल्या. एक आपला तांब्याच्या ग्रीसचा डबा. जे नटबोल्ट तापतात, गंजतात, त्यांना ते लावायचं, म्हणजे दहा वर्षांनी पाना लावला तरी निमूट सुटतात. दुसरी निळी बाटली. हादऱ्याने जे बोल्ट सुटले तर माणूस मरेल, त्यांचे आटे पेट्रोलने धुवायचे, कोरडे करायचे आणि एक थेंब टाकायचा. तो आत घट्ट होऊन बोल्टाला धरून ठेवतो. तिने लगेच विचारलं, "आणि एकाच बोल्टाला दोन्ही लागलं तर?" मी म्हटलं, "मग निळं पकडतच नाही. तेलकट जागेवर ते नुसतं ओलं राहतं." एवढं बोललो आणि चहा सांगायला बाहेर गेलो.

एप्रिलमध्ये ती याच गाडीवरून तुझ्याकडे यायचं म्हणतेय, तीनशे किलोमीटर. ताईला अजून सांगितलेलं नाही. तिची अशीही इच्छा आहे की शेवटची आवळाआवळ तू येऊन करावीस.

त्या गोष्टीबद्दल एकदाच लिहितो, मग विषय बंद. मागच्या ब्रेकची प्लेट जागेवर धरणाऱ्या पट्टीच्या बोल्टाला निळं लावायला तू विसरलास, बोल्ट सुटत गेला, भाऊजींनी ब्रेक दाबला, प्लेट चाकाबरोबर फिरली आणि चाक जाम झालं. माणूस आहे, विसरतो. मी तुला केव्हाच माफ केलंय. भाऊजींचा गुडघा वाकत नाही, बस चालवायची गेली, आता डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसतात. पण हसून-खेळून असतात. तूही किती दिवस त्या पार्सल ऑफिसात खोकी तोलत बसणार? तुझ्यासारखा हात या धंद्यात मी दुसरा पाहिला नाही. तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

उत्तर लिही.

दादा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणापासून रुसलास की जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या.

काम जोरात चाललंय. सायलेन्सरचे नट पोरीने हाताने सोडवले, खरंच सांगतो, पाना फक्त टेकवला! नऊ वर्षांचा गंज बाहेरून आणि आत आटे नव्यासारखे. मी छाती फुगवून म्हटलं, "बघ, हे मोठ्या मामाचं तांबं." तू मला तांबट म्हणायचास ते मी तिला सांगितलं, तर आता तीही म्हणायला लागलीय. तुझी वहिनी जेवायचा डबा घेऊन आली होती, तिने ऐकलं आणि इतकी हसली की डबा टेबलावर ठेवायचं विसरली.

आता पुढचं. हे लिहायला घेऊन तीन वेळा उठलोय.

परवा पोरगी मागच्या ब्रेकच्या प्लेटवर आली. दवाखान्यातून ती दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश घेऊन येते, केसाएवढे. आट्यांसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही, मी आजवर टूथब्रश घासत बसलो हा माझा मूर्खपणा. तर तिने तो ब्रश पट्टीच्या बोल्टाच्या भोकात घातला, फिरवला, बाहेर काढला आणि उजेडात धरला. ब्रश तांबूस झालेला.

"मामा, इथे तांबं कसं?"

मी कार्ब्युरेटर पुसत होतो. पुसतच राहिलो.

"इथे निळं लावतात ना? तूच शिकवलंस."

मी म्हटलं, "नंतर कुणीतरी लावलं असेल."

"नंतर कोण लावेल? त्या दिवसापासून गाडी आमच्या शेडमध्ये आहे. किल्ली बाबांच्या उशाखाली."

मी चिडलो. म्हटलं, "दात घासणाऱ्यांनी दातांचं बघावं." ब्रश कागदात गुंडाळून तिने पिशवीत ठेवला. एरवी ती वापरलेले ब्रश केराच्या डब्यात टाकते.

तर धाकट्या, तुला सांगायला हवं. ते ग्रीस मी लावलं होतं. तू चेन आणायला गेला होतास तेव्हा. मला वाटतं मी तुला नंतर सांगितलं होतं, तुझं लक्ष नसेल. आणि समज नसेल सांगितलं, तरी बोल्ट घालायच्या आधी भोक बघून घ्यायचं काम तुझंच होतं की नाही? तेव्हा थोडी माझी चूक, थोडी तुझी. असं मिळून झालं. एवढ्यासाठी नऊ वर्षं भावाचं तोंड बघायचं नाही म्हणजे अति होतं.

दादा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

मागचं पत्र फाड. मी तुला काही सांगितलं नव्हतं. तुझं लक्ष होतं, नेहमीच असायचं, मीच बोललो नव्हतो. आज बसून सगळं लिहितोय आणि वहिनीला सांगून ठेवलंय की गिऱ्हाईक आलं तर मी मेलोय म्हणून सांग.

तू भिंतीवर ती चिठ्ठी चिकटवली होतीस. कोणत्या बोल्टाला काय. सायलेन्सर, तांबं. स्पार्क प्लग, तांबं, अगदी थोडं. ब्रेक, हँडल, मागचं दातेरी चाक, निळं. आणि खाली लाल शाईने: "ग्रीस लावलेल्या बोल्टाला पाना कमी जोराने आवळणे, नाहीतर बोल्ट ताणला जातो." चिठ्ठी बरोबर होती. शब्दन् शब्द बरोबर. पण गिऱ्हाईकं ती वाचायची आणि मला म्हणायची, "धाकटा आहे का? त्याच्याकडूनच करून घ्यायचंय." माझ्या गॅरेजात, मी उभा असताना! तीस वर्षं पाना धरलेल्या माणसाला कालच्या पोराने लाल शाईत शिकवायचं? माझ्या डोक्यात गेलं ते. तुला एक शब्द बोललो नाही, कारण बोलायला जागाच नव्हती, तू काही चुकीचं केलंच नव्हतंस.

एकदा गंजलेला एक बोल्ट काढताना माझे तीन दिवस गेले होते, तेव्हापासून दिसेल त्याला तांबं फासायची मला खोडच लागली, हे तू जाणतोस. पण त्या दिवशी खोड नव्हती. त्या दिवशी मी चिठ्ठी वाचली, "ब्रेक, निळं" वाचलं, आणि बोटावर तांबं घेऊन तू धुऊन ठेवलेल्या त्याच भोकात फिरवलं. मनात म्हटलं, बघू, कोणाचं चालतं इथे. भाऊजींची गाडी होती ती! आपल्या घरची. मी काय करतोय ते मला कळत होतं. मग वाटलं, तू आलास की सांगू आणि भोक परत धुऊन घेऊ, राग काढून झाला. तेवढ्यात एकजण पंक्चर घेऊन आला. मी तिकडे गेलो. तू आलास, बोल्ट धुतलास, पुसलास, निळ्याचा थेंब टाकलास. मी टायर काढता काढता तुला थेंब टाकताना पाहिलं, धाकट्या. आणि बोललो नाही. बोललो असतो तर का लावलं ते सांगावं लागलं असतं, त्याची मला लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी.

चार दिवसांनी भाऊजी पडले.

रस्त्यावर मी पहिला पोचलो. त्यांना दवाखान्यात नेलं होतं, गाडी कडेला आडवी. बोल्ट पट्टीच्या भोकात वाकडा होऊन अडकला होता. मी तो काढला. त्याच्या आट्यांवर तांबं आणि निळं मिसळून ओला चिखल झाला होता, कुठेही पकडलेलं नव्हतं. बघताक्षणी सगळं समजलं. आणि मी काय केलं? टाकीच्या नळीतून पेट्रोल चिंधीवर घेतलं आणि बोल्ट पुसला. नीट पुसला, आट्या-आट्यातून. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलेलं नाही. चिंधी गटारात टाकली.

मग दवाखान्यात आलो. तू बाकावर बसला होतास. ताई होती. ताईसमोर मी तो बोल्ट तुझ्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, "बघ. कोरडा आहे. निळ्याचा थेंब नाही."

तू म्हणालास, "दादा, मी लावलं होतं. मला आठवतंय."

मी म्हटलं, "आठवतंय, की वाटतंय?"

तू किती वेळ त्या बोल्टाकडे बघत होतास. मग म्हणालास, "वाटतंय."

मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "होतं असं, पोरा." ताईने हे बघितलं आणि तिला वाटलं, दादा किती समजूतदार. नऊ वर्षं तिला तसंच वाटतंय. घरात काही ठरवायचं झालं की म्हणते, दादाला विचारा, तो कुणाला दुखावत नाही. मी मान हलवतो. तिच्या हातचं जेवतो.

बोल्ट पुसला, पण भोक पुसायचं सुचलं नव्हतं. पोरीच्या ब्रशाला तांबं लागलं होतं आणि त्यात निळे कण होते. तेही मी मागच्या पत्रात लपवलं. म्हणजे तू निळं लावलं होतंस याचा पुरावा नऊ वर्षं शेडमध्ये होता आणि मी दर रविवारी तिथून दहा पावलांवर बसून चहा पीत होतो.

मला माझी किळस येतेय. याहून वेगळा शब्द सापडत नाही.

दादा


६ मार्च

धाकट्या,

तीन दिवसांपूर्वी टपाल आलं. एका मोठ्या लिफाफ्यात माझी तिन्ही पाकिटं, एकही न उघडलेलं. सोबत तुझ्या बायकोची चिठ्ठी. मी तिला अजून पाहिलेलं नाही, पण अक्षर सुरेख आहे. तिने लिहिलंय:

"दादा, हे तुमचं अक्षर ओळखतात आणि पाकीट तसंच कपाटावर ठेवतात. मी विचारलं तर म्हणाले, त्यात माफ केलंय असं लिहिलेलं असणार, ते मला वाचवत नाही. रागावू नका. हे घरात साधा खिळाही ठोकत नाहीत. मुलीच्या सायकलची घंटी सैल झाली तर दुकानात नेली. दाराची कडी मी बसवली, तर ती नीट बसली का म्हणून हे पाच-पाच वेळा उठून बघतात. मुलगी आता पाच वर्षांची आहे, तिलाही बघून-बघून तशीच सवय लागायला लागलीय. तुम्ही मोठे आहात, काही करता आलं तर बघा."

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. तू वाचलंच नाहीस म्हणजे तुला माहीतच नाही! शाई, टपाल, इतक्या दिवसांची वाट, सगळं फुकट, पण सुटलो. चांगला दोन मिनिटं सुटलो होतो मी. मग तिची ती मुलगी आली डोळ्यांसमोर, दाराची कडी तपासणारी, आणि मी लिफाफा उचलून तडक घरात गेलो.

वहिनीला सगळं सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ऐकत ऐकत तिने भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "तुम्ही पाकिटात घालून, डिंक लावून पाठवलंत?"

म्हटलं, "मग कसं पाठवणार?"

"म्हणजे अजून लपवूनच," म्हणाली आणि आत गेली. रात्रीचं जेवण वाढलं, पण माझ्याबरोबर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीला सांगितलं. ती चाकाचे आरे पुसत होती. म्हणाली, "मला ब्रश बघूनच कळलं होतं, मामा. महिना झाला, तू कधी सांगतोस याची वाट बघतेय. आता आईला सांग. मी नाही सांगणार तुझ्यावतीने." तांबट म्हणाली नाही.

काल ताईकडे गेलो. रविवार नव्हता, म्हणून तिला वाटलं काहीतरी वाईट घडलंय. भाऊजी काठी पायाशी ठेवून बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. भोकातलं ग्रीस, चिंधी, तळहातावरचा बोल्ट, सगळं. भाऊजींनी मला एक प्रश्न विचारला. "तू त्याला थेंब टाकताना पाहिलं होतंस?" मी हो म्हटलं. त्यांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहून खाल्ल्या असत्या.

ताई मात्र माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मी त्याच्या लग्नाला गेले नाही रे." तेवढंच, दोनदा म्हणाली. मग उठून तिने दार उघडलं आणि धरून उभी राहिली. मी चपला घातल्या. जिना उतरेपर्यंत दार लावल्याचा आवाज आला नाही. ती तशीच उभी असणार, पण वर बघायची माझी छाती झाली नाही.

हे तू वाचणार नाहीस, म्हणूनच इतकं सहज लिहून झालं. म्हणजे हेही पत्र भित्र्याचंच. हे मी टपालात टाकत नाही.

दादा


७ मार्च
(उघडं पोस्टकार्ड. मोठ्या अक्षरात, निळ्या पेनने)

हे कार्ड ज्याच्या हातात पडेल त्याने वाचावं. पोस्टमन, तुम्हीपण वाचा. शेजारी, तुम्हीपण.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने ब्रेकच्या बोल्टाला निळं औषध बरोबर लावलं होतं. मी त्याच्या माघारी, त्याच्यावर जळून, त्या भोकात आधीच ग्रीस लावलं होतं. म्हणून बोल्ट सुटला आणि आमचे भाऊजी अधू झाले. मग मी बोल्ट पुसून कोरडा केला आणि माझी चूक त्याच्या नावावर टाकली. तो काहीही विसरला नव्हता. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

यात कुणी कुणाला माफ केलेलं नाही. मी मागतही नाहीये.

ताईला आणि भाऊजींना मी स्वतः सांगितलं आहे.

बाई, तो कामावरून आला की, हातपाय धुवायच्याही आधी, हे त्याला मोठ्याने वाचून दाखव. लेकीलाही जवळ बसव.

त्याचा मोठा भाऊ